जलप्रलयाच्या कथा: पडद्यावर आणि वर्गात

सोलापूर जिल्ह्याची ओळख दुष्काळी अशी आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत लोकांच्या स्मरणात राहिले ते दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उघडल्यामुळे. सोलापूर शहरातील तलाव बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी खोदविला, असे परंपरा सांगते. येथील कथांतले पुण्य धान्य वाटण्यात आणि पाणी अडविण्यात आहे. अशा भूमीतील मुलांना नोहाच्या तारवाची गोष्ट दूरदेशीची वाटणे स्वाभाविक होते. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराचे पाणी पंढरपुरात शिरले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने जिल्ह्यातील अनेक गावांना वेढले. आता ही गोष्ट सांगताना समोर बसलेल्या मुलांपैकी कोणाचे घर पाण्यात गेले होते, याचा विचार शिक्षकास करावा लागतो.

जलप्रलयाची कथा केवळ बायबलमध्ये आहे असे नाही. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडन येथे जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने निनवे येथून आणलेल्या मातीच्या एका पाटीचे वाचन सादर केले. गिल्गमेश महाकाव्यातील त्या भागात उत्नपिश्तिम नावाचा पुरुष देवाच्या सूचनेवरून नौका बांधतो, प्राणी आत घेतो आणि पाणी ओसरू लागल्यावर कबुतर, पाकोळी व कावळा सोडून पाहतो. उत्पत्तीच्या पुस्तकाशी असलेले हे साम्य ऐकून श्रोते चकित झाले. तथापि आम्हांस साम्यापेक्षा फरक अधिक बोलका वाटतो. अत्राहसिस या त्याहून जुन्या मेसोपोटेमियन काव्यात माणसांच्या गोंगाटाने झोपमोड झाल्यामुळे देव प्रलय आणतो. उत्पत्तीत मात्र कारण आहे ते पृथ्वीवर माजलेला हिंसाचार. कथानक जवळजवळ तेच, परंतु कारण बदलताच कथेतला देव निराळा होतो.

आपल्याकडे शतपथ ब्राह्मणात मनूला हात धुण्याच्या पाण्यात एक इवलासा मासा सापडतो. मनू त्याला वाढवितो व पुढे त्याच माशाच्या शिंगाला आपली नौका बांधतो. येथे तारणाची सुरुवात एका दुबळ्या जीवावर केलेल्या दयेने होते. ग्रीक कथेत ड्यूकॅलियन व पिऱ्हा मागे दगड टाकतात आणि त्यांतून नवी माणसे उभी राहतात. चीनमधील यू हा महापुरुष तर नौका बांधतच नाही, तो पाट खोदून पुराचे पाणी समुद्राकडे वळवितो. सोलापूरकरांना हाच सर्वांत जवळचा वाटावा!

या कथा इतक्या ठिकाणी का आढळतात? जुन्या वस्त्या नद्यांच्या काठी होत्या व नद्यांना महापूर येत, हे साधे उत्तर बरेच दूर नेते. समुद्राचे पाणी काळ्या समुद्राच्या खोऱ्यात एकाएकी शिरले, असे अनुमान रायन व पिटमन या भूवैज्ञानिकांनी १९९७ मध्ये मांडले, मात्र त्यावर मतभेद आहेत. संपूर्ण पृथ्वी एकाच वेळी बुडाल्याचा भूवैज्ञानिक पुरावा नाही. कॅथोलिक वाचकाने याने बिचकण्याचे कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच पवित्र शास्त्र वाचताना त्यातील साहित्यप्रकार ध्यानात घेण्यास सांगितले आहे.

आता शिकविण्याविषयी. निनवेच्या पाटीचे छायाचित्र पाहणे, चार देशांच्या कथा शेजारी ठेवून वाचणे, यांसाठी मोबाइल किंवा संगणकाचा पडदा उत्तम साधन आहे. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणून हे दाखवून दिले. त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला तोही लंडनहून, ३ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे स्मिथ यांच्या वाचनाच्याच तारखेला. हा निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. मात्र त्याच वर्षी टाळेबंदीत ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, तेथील मूल ऑनलाइन वर्गाबाहेरच राहिले. तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगविले. मुलांनी रस्त्यात उभे राहून, परस्परांत अंतर ठेवून ते वाचले. पडदाही नाही आणि वर्गही नाही, अशी ही तिसरीच शाळा होती.

तरीही एक गोष्ट पडद्यावर वा भिंतीवर सोपविता येत नाही. ज्याची गुरे वाहून गेली, तो मुलगा नोहाची कथा ऐकून विचारू शकतो, "मग आमचा गाव पापी होता काय?" ध्वनिचित्रफीत पुढे सरकत राहते, कोण गप्प झाले हे तिला दिसत नाही. समोर असलेल्या शिक्षकाला मात्र तेथे थांबता येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू स्वतः उपस्थित करतो आणि त्याचे उत्तर नकारार्थी देतो. नोहाच्या पाठाबरोबर हा उतारा वाचलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. तो वाचून झाल्यावर लगेच पुढे जाण्याची घाई करू नये, मुलांना बोलू द्यावे.

त्यानंतर वर्ग बाहेर न्यावा. तारवाची लांबी तीनशे हात सांगितली आहे, म्हणजे सुमारे १३५ मीटर. मुलांनी दोरी घेऊन ती चर्चच्या आवारात मोजून पाहावी. बहुतेक ठिकाणी आवार अपुरे पडेल आणि दोरीचे टोक रस्त्यावर न्यावे लागेल.