अंग गार पडते तेव्हा...

आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या कुणाचाही हात आधी त्याच्या कपाळाकडे जातो. ताप लागला की घरात धावपळ सुरू होते, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या निघतात, डॉक्टरांना फोन जातो. उलट, कपाळ गार लागले की 'चला, ताप तरी नाही' म्हणून सगळे निर्धास्त होतात. भूलतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये काढल्यावर मला या निर्धास्तपणाची धास्ती वाटू लागली आहे. कारण नुकतेच ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बाबतीत गार अंग ही दखल घेण्याजोगी गोष्ट असते.

आपला घरगुती थर्मामीटरसुद्धा केवळ तापासाठीच बनवलेला आहे. पाऱ्याच्या थर्मामीटरवरचे आकडे साधारण 35 अंश सेल्सियसपासून सुरू होतात. शिवाय त्याच्या नळीत एक अरुंद गळा असतो, त्यामुळे वर चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. रुग्णाचे तापमान 34.5 असले, तरी हे यंत्र ते सांगू शकत नाही.

निरोगी शरीराचे आतले तापमान 37 अंशांच्या आसपास असते. ते 36 च्या, म्हणजे 96.8 फॅरनहाइटच्या खाली गेले की शरीर थंड पडले असे आम्ही मानतो. ऑपरेशनच्या काळात असे का होते? 'थिएटरमधला एसी' हे उत्तर अर्धेच खरे आहे. शरीराची रचना जुन्या वाड्यासारखी आहे असे समजा. हृदय, मेंदू, यकृत हे माजघर, तर हातपाय आणि त्वचा ही ओसरी. बाहेर गारठा पडला की शरीर ओसरीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते आणि माजघराची ऊब राखते. भूल दिली की ही राखण सुटते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब ओसरीवर पसरते. पहिल्या तासातच आतले तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकते. त्यातली बरीचशी ऊब शरीराबाहेर गेलेलीही नसते, ती फक्त जागा बदलते. पुढची घट मात्र खरोखरची असते. उघडे पोट, ओली त्वचा, थंड हवा आणि शिरेतून दिली जाणारी सलाईन यांतून ती होत राहते. खोलीच्या तापमानाचे एक लिटर सलाईन शरीराचे सरासरी तापमान सुमारे पाव अंशाने कमी करते.

कमरेत इंजेक्शन देऊन अर्धे अंग बधिर केले, तरी हेच घडते, आणि तिथे फसगत जास्त होते. खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजींच्या ऑपरेशननंतर त्यांची मुलगी मला म्हणाली, "डॉक्टर, आईचे पाय तर छान गरम लागताहेत, मग ती कुडकुडतेय का?" आजींचे तापमान 35 च्या खाली होते. पाय गरम होते याचे कारण आतली ऊब तिकडे वाहून गेली होती. उबदार हवेचे पांघरूण घातल्यावर त्या हळूहळू सावरल्या.

कुडकुडणे हा नुसता त्रास नव्हे. त्या वेळी शरीराची प्राणवायूची गरज खूप वाढते आणि आधीच अशक्त असलेल्या हृदयावर ताण येतो. थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही, औषधांचा अंमल लांबतो, जखमेला प्राणवायू कमी मिळतो. व्हिएन्नातील डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या 200 रुग्णांवर केलेला अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. उबदार ठेवलेल्यांपैकी 6 टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, तर सुमारे 34.7 अंशांपर्यंत थंड झालेल्यांत 19 टक्क्यांच्या.

अर्थात, याचा बाऊही करायचे कारण नाही. 2022 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, पाच हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात तापमान 37 अंशांवर राखलेले आणि 35.5 वर ठेवलेले रुग्ण यांच्या गंभीर गुंतागुंतीत फरक आढळला नाही. म्हणजे अर्ध्या अंशासाठी घाबरू नये, पण 35.5 च्या खाली जाऊ देऊ नये. आणि खाली गेले की नाही, हे मोजल्याशिवाय कसे कळणार? माझी खरी तक्रार इथे आहे. रक्तदाब, नाडी, प्राणवायू यांची नोंद सगळीकडे होते. तापमानाचा रकाना मात्र अनेकदा कोरा राहतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2008 मध्येच सांगितले आहे, की भूल देण्याआधी रुग्णाला ऊब द्यावी, तापमान 36 च्या वर असल्याशिवाय तातडी नसलेली शस्त्रक्रिया सुरू करू नये, दर अर्ध्या तासाने ते मोजावे आणि जास्त सलाईन द्यायचे असल्यास ते कोमट करून द्यावे. भूल देण्याआधीची ऊब सर्वांत मोलाची, कारण ओसरी आधीच उबदार असेल, तर माजघरातली ऊब तिकडे धावत नाही.

नातेवाइकांनी काय करावे? ऑपरेशनच्या दिवशी रुग्णाला, विशेषतः वृद्ध आणि अंगाने बारीक असलेल्याला, थिएटरच्या बाहेर पातळ गाऊनवर ताटकळत बसवू देऊ नका. पांघरूण मागून घ्या. ऑपरेशननंतर तळपायांना सुंठ चोळल्याने आतले तापमान वाढत नाही. गरम पाण्याची पिशवी तर मुळीच लावू नका. पाय बधिर असताना चटका कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड मात्र दिसतात. डोके आणि अंग कोरड्या कापडाने झाका आणि नर्सला बोलवा.

आणि एक प्रश्न जरूर विचारा. 'ताप नाही ना?' असे नको, 'तापमान किती आहे?' असे विचारा. उत्तर आकड्यातच घ्या. आकडा सांगायचा तर कुणाला तरी आधी तो मोजावा लागेल.