पैठणी विणकाम आणि समाजमाध्यमे : विपणनाच्या नव्या वाटेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर पारंपरिक हस्तव्यवसायांचे भवितव्य काय, हा प्रश्न अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या दोन्ही विद्याशाखांत सातत्याने चर्चिला गेला. या चर्चेत उत्पादनाच्या अंगाचा विचार पुष्कळ झाला. कच्च्या मालाचे भाव, भांडवलाची चणचण, यंत्रमागाची स्पर्धा यांवर विपुल लेखन झाले. त्या मानाने विपणनाचे अंग उपेक्षित राहिले. साडी विणणारा कारागीर आणि ती नेसणारी स्त्री यांच्यामध्ये किती माणसे उभी आहेत व त्यांतील प्रत्येकाच्या हाती किती रक्कम राहते, हा खरे तर या व्यवसायाचा कळीचा प्रश्न होय. समाजमाध्यमांनी ही मधली रांगच नाहीशी केली, असे विधान अलीकडे सर्रास केले जाते. ते कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येवला व पैठण येथील पैठणी विणकामाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक व्यक्ती हातमाग व त्याच्याशी संलग्न कामांत गुंतलेल्या आहेत आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. याच गणनेत बहुसंख्य विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत असल्याचे नोंदले गेले आहे. ज्या व्यवसायात एका साडीची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते, त्या व्यवसायाचा विचार करताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करता येणार नाही.

विणकामाचा काळ आणि माध्यमाचा काळ

पैठणीचे वैशिष्ट्य तिच्या काठपदराच्या विणीत आहे. पदरावरील मोर, मुनिया, कमळ वा आसावलीची वेल ही वेगळी भरतकाम करून उमटविलेली नसते. जरीच्या पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाच्या लहान लहान कांड्या हाताने फिरवून, एका रंगाचा आडवा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवीत ही नक्षी विणतानाच सिद्ध होते. साध्या बुट्टीच्या साडीला काही आठवडे लागतात. पदर भरगच्च असेल तर काही महिने जातात आणि अंगभर नक्षीची साडी वर्षभरही मागावर राहू शकते. म्हणजेच एका मागाचा धनी असलेला विणकर वर्षाकाठी फार तर मोजक्या साड्या बाजारात आणू शकतो.

समाजमाध्यमांचा काळ याच्या नेमका उलट आहे. इन्स्टाग्राम या माध्यमाने २०१६ साली मजकूर कालक्रमाने दाखविण्याची पद्धत सोडून, पाहणाऱ्याच्या आवडीचा अंदाज बांधून तो दाखविण्याची पद्धत स्वीकारली. फेसबुकने हा मार्ग त्याआधीच धरला होता. अशा व्यवस्थेत जो वारंवार काही नवे दाखवितो, त्याला लोकांसमोर येण्याची संधी अधिक मिळते. ज्याच्या दुकानात दोनशे साड्यांचा साठा आहे, तो व्यापारी रोज सकाळी नवी साडी उलगडून दाखवू शकतो. विणकराकडे दाखवायला महिनाभर तीच अर्धी साडी असते. माध्यम सर्वांना मोफत व समान उपलब्ध आहे हे खरे असले, तरी त्याची रचना साठा बाळगणाऱ्याला अनुकूल आहे. पुण्यामुंबईतील विक्रेत्यांची पाने लाखो लोक पाहतात आणि त्यांना माल पुरविणाऱ्या विणकराचे पान शेकड्यांत अडकून राहते, यामागे विणकराचे अज्ञान हे एकमेव कारण मानणे म्हणूनच अन्यायकारक ठरेल.

तथापि विणकरापाशी एक गोष्ट अशी आहे, जी व्यापाऱ्यापाशी नाही. ती म्हणजे माग. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ जुलै महिन्यात इन्स्टाग्रामने रील ही लघुचित्रफितीची सोय भारतात सुरू केली. तेव्हापासून वस्तूइतकीच ती घडण्याची क्रिया पाहण्याची सवय प्रेक्षकांना लागली आहे. ताणा लावणे, जरीची कांडी भरणे, मोराच्या मानेचा निळा रंग एकेका धाग्याने वर चढत जाणे या साऱ्या गोष्टी अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत सहज मावतात. आज इतके बोट विणून झाले, उद्या किती होईल, असे दाखविणारा विणकर आपल्या संथपणालाच दर्शनीय करतो. महिनाभर एकच साडी दाखविण्याची अडचण येथे काही अंशी दूर होते. तीन महिने जिचे विणकाम पाहिले, त्या साडीची किंमत ऐकून गिऱ्हाईक दचकत नाही, हा लाभ तर विक्रीहूनही मोठा म्हणावा लागेल.

याला दुसरी बाजू आहे. मागावरील नवी नक्षी उघड करणे म्हणजे ती नक्कल करणाऱ्याच्या हाती देणे होय. हाताने विणलेली साडी मागावरून उतरण्याआधी तिच्यासारखी दिसणारी यंत्रमागावरील साडी बाजारात येऊ शकते. त्यामुळे जाणते विणकर परंपरागत नक्षी खुशाल दाखवितात, परंतु नवा आराखडा साडी विकली जाईपर्यंत झाकून ठेवतात. शिवाय मागही उसना घेता येतो. दुसऱ्याच्या मागाशेजारी उभे राहून चित्रीकरण करणारा व्यापारी पाहणाऱ्याला विणकरच भासतो.

छायाचित्राच्या मर्यादा

पैठणीच्या अनेक साड्यांत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. त्यामुळे कापड हलविले की रंग पालटतो. यालाच धूपछाव म्हणतात. स्थिर छायाचित्रात या दोहोंपैकी एकच रंग येतो आणि भ्रमणध्वनीचा कॅमेरा तोही आपल्या समजुतीने उजळ करून दाखवितो. परिणामी जांभळी म्हणून मागविलेली साडी घरी आल्यावर तपकिरी वाटते आणि वाद उद्भवतो. दुकानात हा वाद होत नाही, कारण गिऱ्हाईक साडी दारात नेऊन उन्हात धरते. दूरस्थ विक्रीत हे ऊन विणकरानेच पुरवावे लागते. सकाळच्या उजेडात, खिडकीशेजारी, साडी हळूहळू फिरवून घेतलेली चित्रफीत ही दिव्यांच्या झगमगाटातील दहा छायाचित्रांपेक्षा अधिक उपयुक्त असते. कॅमेऱ्यातील रंग खुलविण्याची सोय मात्र बंद ठेवावी लागते. फॉल-पिको केलेली साडी परत घेतली जाणार नाही, ही अट विक्रीपूर्वी लेखी कळविणेही इष्ट होय. लाखाची साडी परत आली तर विणकराचे तिमाहीचे गणित कोलमडते. व्यापाऱ्याला ते एका दिवसाचे नुकसान असते.

अस्सलतेचा प्रश्न

समाजमाध्यमांवरील पैठणी विक्रीतील सर्वांत गंभीर प्रश्न अस्सलतेचा आहे. काही हजारांत मिळणारी यंत्रमागावरील, तथाकथित 'सेमी पैठणी' आणि हातमागावरील पैठणी या दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. किंबहुना यंत्राच्या साडीची नक्षी अधिक काटेकोर असल्याने ती छायाचित्रात उजवीच वाटते. पैठणी घराघरांत पोचविण्याचे श्रेय पुष्कळसे दूरचित्रवाणीला जाते. २००४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमाने बक्षिसाची पैठणी हे मराठी मध्यमवर्गाचे स्वप्न करून टाकले. मात्र त्या स्वप्नासोबत हातमाग ओळखण्याची दृष्टी आली नाही. ही उणीव समाजमाध्यमांनी तशीच पुढे चालविली आहे.

साडी उलटी केल्यास फरक कळतो. हाताने विणलेल्या काठपदराची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागीच फिरून परततो. यंत्रावरील साडीच्या मागे मोकळे वा कापलेले धागे दिसतात. असे असता बहुतेक विणकर आपल्या साडीची सुलट बाजूच दाखवितात, याचे आश्चर्य वाटते. नक्कल करणाऱ्याला जी बाजू लपवावी लागते, तीच अस्सल विणकराची खरी जाहिरात आहे.

शासकीय चिन्हांबाबतही ग्राहकांत, आणि काही वेळा विक्रेत्यांत, गोंधळ आढळतो. २००४ साली सुरू झालेले सिल्क मार्क हे रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देते. साडी हातमागावर विणली की यंत्रमागावर, याविषयी ते मौन बाळगते. २००६ साली आलेले हँडलूम मार्क कापड हातमागाचे असल्याचे सांगते. १९९९ च्या अधिनियमाखालील भौगोलिक उपदर्शन हे उत्पादनाचे नाव व त्याचा प्रदेश यांना संरक्षण देते, आणि त्याचा वापर करण्यासाठी विणकराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शुद्ध रेशमाच्या यंत्रमागावरील साडीवर सिल्क मार्क लावून ती 'अस्सल पैठणी' म्हणून विकणारा विक्रेता चिन्हाबाबत खोटे बोलत नाही, परंतु ग्राहकाची फसगत होतेच. या तीन चिन्हांतील फरक समजावून सांगणारी चित्रफीत विणकराच्या पानावर कायम वर ठेवलेली असणे, ही साधी परंतु परिणामकारक गोष्ट आहे.

समाजमाध्यमांवरील बोभाट्याने कारागिराच्या नावाला बळ मिळू शकते, याचे उदाहरण शेजारच्या व्यवसायात सापडते. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मूळ उल्लेखाविना सादर केली. समाजमाध्यमांतून तीव्र आक्षेप घेतला गेल्यावर कंपनीला भारतीय हस्तकलेपासून घेतलेली प्रेरणा मान्य करावी लागली. अर्थात हा प्रसंग विरळा होय. घरच्या बाजारातील रोजच्या नकलेविरुद्ध असा बोभाटा कोणी करीत नाही.

व्हॉट्सॲप : दुर्लक्षित परंतु कामाचे माध्यम

प्रसिद्धीचा विचार करताना इन्स्टाग्राम व यूट्यूब यांची चर्चा अधिक होते. प्रत्यक्ष व्यवहार मात्र बहुधा व्हॉट्सॲपवर पार पडतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर माहितीजालाचा दर झपाट्याने उतरला आणि त्याच वर्षी यूपीआय पद्धत आली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने व्यावसायिकांसाठी स्वतंत्र सोय दिली व पुढे २०१९ मध्ये तीत वस्तूंच्या सूचीची भर पडली. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने पुढे ढकलली गेली, दुकाने बंद राहिली, तेव्हा या साधनांचा उपयोग प्रकर्षाने जाणवला.

एक तांत्रिक बारकावा येथे नमूद करणे आवश्यक आहे. व्हॉट्सॲपवरील प्रक्षेपण यादीतून पाठविलेला संदेश ज्यांनी पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्याकडे जतन केला आहे, त्यांनाच पोचतो. म्हणून साडी सुपूर्द करताना 'आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, ताई' एवढे सांगणे हे सशुल्क जाहिरातीपेक्षा मोलाचे ठरते. पैठणी घेणारी स्त्री पुन्हा लगेच पैठणी घेत नाही, हे खरे. पण तिच्या बहिणीचे, नणंदेचे, मुलीचे लग्न येते आणि तो क्रमांक पुढे सरकतो.

इन्स्टाग्रामवरील अनुयायी विणकराच्या मालकीचे नसतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. टिकटॉक बंद झाले त्या रात्री अनेकांचा जमविलेला प्रेक्षक नाहीसा झाला. खाते बळकावले गेले वा बंद पडले, तर दाद मागण्याचा मार्ग येवल्यातील विणकरासाठी जवळपास नाहीच. गिऱ्हाइकांची नावे, क्रमांक आणि कोणी कोणती साडी घेतली याची नोंद असलेली साधी वही हीच त्याची टिकाऊ मालमत्ता होय.

प्रभावी व्यक्तींकडून प्रसिद्धी करवून घेण्याची प्रथा या व्यवसायात फारशी परवडणारी नाही. त्यासाठी एक साडी भेट द्यायची, तर विणकराच्या काही महिन्यांच्या श्रमाचे ते दान ठरते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार अशी भेट घेऊन केलेली प्रशंसा जाहिरात म्हणून घोषित करावी लागते. नियमाचे पालन किती होते, हा स्वतंत्र विषय आहे.

साडी कोणाची, खाते कोणाचे

आतापर्यंतच्या विवेचनात विणकर हाच साडीचा मालक आहे, असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात पुष्कळ विणकर मजुरीवर काम करतात. रेशीम व जरी मालकाची, आराखडा मालकाचा, विणण्याचे हात तेवढे विणकराचे. असा विणकर मागावरील साडीचे छायाचित्र आपल्या नावाने टाकू शकत नाही. टाकलेच, तर पुढचे काम जाण्याची धास्ती असते. समाजमाध्यमांनी ज्यांना लाभ झाला, ते प्रामुख्याने स्वतःच्या भांडवलावर रेशीम विकत घेऊ शकणारे विणकर आहेत. मध्यस्थ हटविण्यासाठी भ्रमणध्वनी पुरत नाही. एका साडीचे रेशीम, जरी आणि ती विकली जाईपर्यंतचा घरखर्च एवढी रक्कम आधी हाताशी असावी लागते. कर्जाविना दिलेले डिजिटल प्रशिक्षण म्हणूनच बहुधा मालकाच्याच पानाला मदत करते.

कुटुंबातही खाते सांभाळणारा आणि माग चालविणारा यांत भेद पडतो. खाते सहसा शिकलेल्या मुलाकडे वा सुनेकडे असते. कांड्या भरणारी, रंगांची जुळणी करणारी वडीलधारी स्त्री चित्रफितीत हातांपुरती दिसते. तिचे नाव पानावर येत नाही आणि पैसेही तिच्या खात्यात येत नाहीत. यूपीआयचा क्रमांक कोणाचा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी घरातील अर्थसत्तेचा प्रश्न तोच आहे.

येवला व पैठण परिसरातील महाविद्यालयांच्या वर्गांत विणकर कुटुंबांतील विद्यार्थी बसलेले असतात. वाणिज्य शाखेच्या प्रकल्पांत त्यांच्याकडून मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींची विश्लेषणे लिहून घेतली जातात. त्याऐवजी घरच्या एका साडीला लागलेले दिवस, रेशमाचा खर्च, मिळालेली मजुरी आणि पुण्यातील दुकानात तिला लागलेली चिठ्ठी यांचा हिशेब त्याच विद्यार्थ्याने मांडला, तर तो प्रकल्प पानावर जसाच्या तसा प्रसिद्ध करता येईल. साडीसोबत तिच्या किमतीची फोड देणारा विक्रेता आज क्वचितच आढळतो, आणि व्यापाऱ्याला ती फोड देणे परवडणारे नाही.