दहा मीटरचे चाक आणि बोटभर फट

सायकलमध्ये हवा भरण्याचा पंप तुम्ही कधी उघडून पाहिला आहे का? दांड्याच्या टोकाला वाटीच्या आकाराचे चामड्याचे लहानसे वॉशर असते. दांडा खाली दाबला की कोंडलेल्या हवेच्या दाबानेच या वाटीची कड फाकते आणि नळीला घट्ट चिकटते. दांडा वर ओढला की कड मिटते व बाजूने नवी हवा आत शिरते. चामडे वाळून कडक झाले की कितीही जोर लावा, हवा मागच्या मागे निसटते. मग सायकल दुरुस्तीवाला त्या चामड्याला तेल पाजून मऊ करतो आणि पंप पुन्हा चालू होतो.

औष्णिक वीजकेंद्रात असाच एक प्रश्न आहे. फक्त तेथे नळी-दांड्याच्या जागी दहा मीटर व्यासाचे फिरते चाक असते आणि चामड्याच्या जागी पोलादाच्या पातळ, लवचिक पट्ट्या. त्या पट्ट्यांची ही हकिगत. पण आधी ते चाक तेथे कशाला, ते पाहू.

चंद्रपूर, कोराडी किंवा परळीकडे गेलात तर वीजकेंद्राची उंच धुराडी दुरूनच दिसतात. बॉयलरमध्ये कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. त्यापुढची गोष्ट पुस्तकात सहसा नसते. पाण्याला आणि वाफेला देता येईल तेवढी उष्णता देऊन झाल्यावरही धुराचा वायू बॉयलरबाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे ३५० अंश सेल्सियस असते. एवढा तापलेला वायू आकाशात सोडणे म्हणजे कोळसाच उधळणे. दुसरीकडे, कोळसा जाळण्यासाठी जी हवा आत घ्यायची ती असते ३०-३५ अंशांची. तेव्हा जाणाऱ्या वायूची उष्णता येणाऱ्या हवेला दिली तर? वायू १४० अंशांपर्यंत निवतो, हवा ३०० अंशांपर्यंत तापते. अभियंत्यांचा ठोकताळा असा की, धुराचा वायू दर २० ते २२ अंश निववला की बॉयलरची कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने वाढते. ३५० वरून १४० म्हणजे २१० अंश. म्हणजे जवळजवळ १० टक्के. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालताना तासाला ३०० टनांच्या आसपास कोळसा खातो. वाचणारा कोळसा किती, ते तुम्हीच काढा.

ही देवघेव करायची कशी? सरळ मार्ग म्हणजे नळ्या: आतून वायू, बाहेरून हवा. पण त्यासाठी इतका मोठा पृष्ठभाग लागतो की नळ्यांचे रानच उभे करावे लागते. स्वीडनचे फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रोम (१८७५-१९६४) यांनी वेगळी वाट काढली. या गृहस्थांची सुरुवातही सायकलपासूनच झाली होती, हा गमतीचा योगायोग. फ्रेड्रिक आणि त्यांचे बंधू बिर्गर यांनी तरुणपणी ‘स्वेआ’ नावाची सायकल बनवली होती आणि तिच्यासाठी पैसा पुरवला होता डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांनी. पुढे हे बंधू वाफेच्या टर्बाइनकडे वळले, आणि १९२० च्या सुमारास फ्रेड्रिक यांचा फिरता हवातापक प्रत्यक्ष वापरात आला.

त्यामागची कल्पना आजीबाईंच्या परिचयाची आहे. दुखरी पाठ शेकायची तर वीट चुलीत तापवतात, फडक्यात गुंडाळतात आणि पाठीला लावतात. विस्तव पाठीपर्यंत नेता येत नाही, वीट नेता येते. ल्युंगस्ट्रोम यांच्या यंत्रात विटेचे काम पातळ पन्हाळी पत्रे करतात. पत्र्यांचे गठ्ठे टोपल्यांत भरलेले असतात आणि टोपल्या एका प्रचंड, पिंपासारख्या चाकात रचलेल्या असतात. चाक जात्यासारखे उभ्या आसाभोवती फिरते. त्याच्या एका बाजूतून तापलेला वायू वरून खाली जातो, दुसऱ्या बाजूतून गार हवा खालून वर येते. वायूच्या दालनात पत्रे तापतात. चाक फिरून तेच पत्रे हवेच्या दालनात आले की साठवलेली उष्णता हवेला देऊन टाकतात. शेकडो टनांचे हे धूड मिनिटाला एक-दोन फेरेच घेते. आपल्याकडच्या अनेक मोठ्या वीजकेंद्रांत असेच तापक आहेत. तमिळनाडूत राणीपेट येथे ‘भेल’च्या कारखान्यात ते तयार होतात.

येथवर सारे छान. आता अडचण. चाक तर सतत फिरायला हवे, आणि दोन दालनांमध्ये भिंतही हवी. फिरत्या चाकातून आरपार भिंत घालणार कशी? म्हणून चाकालाच आऱ्यांसारख्या उभ्या पडद्यांनी कप्पे पाडतात. चाकाच्या वर आणि खाली, दोन दालनांच्या सीमेवर, जाड पोलादी फळ्या बसवतात. कप्प्याचा पडदा फळीखाली आला की तेवढ्यापुरती भिंत पुरी होते. पण पडदा आणि फळी यांच्यात थोडी तरी फट राहतेच. शिवाय हवा पंख्याने आत ढकललेली असते, तर वायू धुराड्याकडच्या दुसऱ्या पंख्याने ओढलेला असतो. दोन्हींच्या दाबांत समजा ३५० मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका फरक आहे. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. भरलेल्या बादलीच्या तळाशी पाण्याचा एवढाच दाब असतो. पण ३०० अंशांची हवा फार विरळ असते, तिची घनता घनमीटरला जेमतेम ०.६ किलोग्रॅम. बर्नुलीच्या सूत्रात हे आकडे घातले तर फटीतून निसटणाऱ्या हवेचा वेग येतो सेकंदाला सुमारे १०५ मीटर. ताशी ३८० किलोमीटर! आपल्या किनाऱ्यावर येणारी चक्रीवादळेही एवढा वेग गाठत नाहीत.

मग फट बुजवून टाका की, असे तुम्ही म्हणाल. येथेच खरी मौज आहे. लोखंड आणि पितळ यांची जोडपट्टी तापवली की वाकते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. आपल्या चाकात धातू एकच आहे, पण तापमाने दोन आहेत. चाकाचा वरचा भाग, जेथे वायू आत येतो आणि हवा बाहेर पडते, सरासरी ३२५ अंशांवर असतो. खालचा भाग सुमारे ९० अंशांवर. म्हणजे २३५ अंशांचा फरक. वरचा भाग जास्त प्रसरण पावतो, खालचा कमी, आणि सारे चाक जोडपट्टीसारखे वाकते. मध्यभाग वर, कडा खाली. जणू उपडी घातलेली परात.

किती वाकते, याचा अंदाज वहीवर करता येतो. चाकाची त्रिज्या ५ मीटर, उंची २ मीटर धरा. पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंशाला ०.००००१२. कड किती खाली येईल ते काढण्यासाठी त्रिज्येच्या वर्गाला गुणांकाने व तापमानातील फरकाने गुणा आणि उंचीच्या दुपटीने भागा. उत्तर येते जवळजवळ १८ मिलिमीटर. म्हणजे थंड असताना वरच्या फळीला अगदी चिकटून बसवलेली पट्टी चाक तापल्यावर बाहेरच्या कडेला चांगली बोटभर खाली गेलेली असते. मधल्या आसाजवळ फट नाही, कडेला बोटभर, अशी ती वाकडी फट. तळाशी नेमके उलटे घडते. तेथे थंडपणी फट नीट दिसते, पण तापल्यावर कड खाली उतरून फळीवर घासू लागते.

निसटलेली हवा जाते कोठे? बॉयलरकडे जायच्या ऐवजी ती थेट धुराच्या वायूत मिसळून धुराड्याची वाट धरते. तिला ढकलणारा पंखा फुकट राबला, आणि तिला ओढून धुराड्यात सोडणारा पंखाही. गळती फार वाढली की हा दुसरा पंखा त्याच्या मर्यादेला टेकतो. मग बॉयलर आणि टर्बाइन धडधाकट असूनही संचाचा भार कमी करावा लागतो. तोही विजेची मागणी शिगेला पोहोचलेल्या मे महिन्यात, दुपारच्या वेळी!

ही गळती लबाडही आहे. गार हवा मिसळल्यामुळे धुराचा वायू बाहेर पडताना आणखी निवलेला दिसतो. तापमापक पाहणाऱ्याला वाटते, वा, उष्णता छान वसूल होत आहे! म्हणून जाणकार तापमापकावर विसंबत नाहीत, ते वायूतला ऑक्सिजन मोजतात. समजा तापकात शिरताना वायूत ३.५ टक्के ऑक्सिजन आहे आणि बाहेर पडताना ५.५ टक्के. तापकात ऑक्सिजन तयार तर होत नाही, तेव्हा तो निसटलेल्या हवेतूनच आला. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. १०० भाग वायूत क्ष भाग हवा मिसळली असे धरून समीकरण मांडा:

३.५ × १०० + २१ × क्ष = ५.५ × (१०० + क्ष)

क्ष येतो सुमारे १२.९. हे झाले आकारमानाने. कार्बन डायऑक्साइडमुळे धुराचा वायू हवेपेक्षा काहीसा जड असतो, म्हणून वजनाने हिशेब करताना या आकड्याला ०.९ ने गुणण्याचा प्रघात आहे; उत्तर ११.६ टक्के. नुकत्याच दुरुस्त केलेल्या चांगल्या तापकात गळती सहा ते आठ टक्के असते. झिजलेल्या तापकात ती पंधरा-वीसपर्यंतही चढते.

यातली थोडी गळती मात्र कोणालाच थांबवता येणार नाही. हवेच्या दालनातून वायूच्या दालनात जाताना प्रत्येक कप्पा आपल्यात भरलेली हवा बरोबर घेऊनच जातो. दाराला कितीही उत्तम झडप लावा, माणूस खिशात लपवून काही नेत असेल तर झडप काय करणार? चाक संथ फिरवण्याचे एक कारण हेच.

उरलेली गळती पट्ट्यांच्या हाती. पट्ट्या पडद्यांच्या वरच्या व खालच्या कडांवर बसवतात, चाकाच्या परिघाभोवती बसवतात आणि मधल्या आसाजवळही. जुनी पद्धत ताठ पट्ट्यांची. त्या फळीला घासू नयेत म्हणून मुद्दाम अंतर ठेवावे लागते, आणि त्या अंतरातून हवा जाते. लवचिक पट्टीचा विचार वेगळा आहे: अंतर ठेवूच नका, पट्टीलाच वाकू द्या. स्टेनलेस पोलादाची पातळ, स्प्रिंगसारखी पाने एकावर एक अशी रचतात की एका पानाच्या खाचा दुसऱ्याने झाकल्या जाव्यात. कड खाली गेली तर पान ताठ होऊन फट भरते. फळी जवळ आली तर मुडपून वाट देते. काही ठिकाणी पानांऐवजी तारांचे दाट ब्रश वापरतात, मोठ्या हॉटेलांच्या फिरत्या दारांना असतात तसे. चामडे किंवा रबर येथे का चालत नाही, हे ३५० अंशांचा आकडा पाहून सांगायला नको.

पण धातूच्या पानाचीही सत्त्वपरीक्षाच असते. चाक मिनिटाला दीड फेरा घेत असेल तर प्रत्येक पट्टी मिनिटाला तीनदा फळीखालून जाते, कारण वरच्या अंगाला अशा दोन फळ्या असतात. दिवसाला ४३२० वेळा, वर्षाला जवळजवळ पावणेसोळा लाख वेळा मुडपणे आणि सरळ होणे. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पान तुटू नये म्हणून ते पातळ हवे आणि थोडेच वाकायला हवे. इकडे राख म्हणते, पातळ असेल तर मी लवकर झिजवीन. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्के, आणि ही राख पॉलिश कागदासारखी खरखरीत. पट्टी बनवणाऱ्याला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते. माझ्या मते वीजकेंद्रातल्या कौतुकाच्या गोष्टींत टर्बाइनच्या पात्यांइतकाच मान या पानांना मिळायला हवा. पण झिजल्यावर बदलायच्या वस्तूला मान कोण देतो?

आणखी एक युक्ती आहे. कप्प्यांची संख्या वाढवून फळीखाली एका वेळी एकाऐवजी दोन पडदे येतील असे करतात. दाबातला फरक मग दोन पट्ट्यांत वाटला जातो. गळती निम्मी होईल असे वाटते, पण वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून ती ७१ टक्क्यांवरच येते.

शेवटी काम येते ते कुशल फिटरच्या हाती. वार्षिक दुरुस्तीसाठी संच बंद होतो, तापक निवतो, आणि माणसे आत उतरून झिजलेल्या पट्ट्या काढतात. नव्या पट्ट्या सरळ पोलादी गजाच्या आधाराने एका रेषेत लावतात. चाक हाताने थोडे थोडे फिरवत प्रत्येक पट्टीचे फळीपासूनचे अंतर मोजपट्टीने तपासतात. अनोळखी माणसाने हे काम पाहिले तर त्याला चूकच वाटेल, कारण तळाच्या पट्ट्या कडेला मुद्दाम मोठी फट ठेवून बसवलेल्या असतात. ही फट थंड चाकासाठी नसते. बॉयलर पेटला, चाक तापले आणि परात उपडी झाली की ती आपोआप मिटते. जास्त मिटली तर चाक अडते आणि मोटरचा प्रवाह वाढतो. तो आकडा पाहत, पहिले काही तास, नियंत्रण कक्षात कोणीतरी बसून असते. भार स्थिरावला की तापकाच्या आधी आणि नंतर पुन्हा ऑक्सिजन मोजतात.