सुट्टीचा पंचवीस वर्षांचा सौदा : सही करण्यापूर्वी मांडायचे तीन हिशेब

वऱ्हाडच्या बाजारपेठेत कापूस, डाळ, कापड, सागवान असा नाना प्रकारचा माल विकला जातो. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका मालाची भर पडली आहे. हा माल तराजूत तोलता येत नाही, गोदामात ठेवता येत नाही आणि घेताना डोळ्यांनी पाहताही येत नाही. हा माल म्हणजे सुट्टी. पुढच्या पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आजच विकत घ्या, असे सांगणाऱ्या या व्यवहाराला टाइमशेअर किंवा हॉलिडे मेंबरशिप म्हणतात.

विक्रीची पद्धत सगळीकडे साधारण एकच असते. प्रदर्शनात किंवा मॉलमध्ये एक कूपन भरून घेतले जाते. मग फोन येतो की, तुमचा नंबर लागला आहे, बक्षीस न्यायला अमुक हॉटेलात या, मात्र पती-पत्नी दोघांनी यावे. तेथे चहापाणी होते, डोंगर-समुद्राची चित्रे दाखवली जातात आणि दोन तासांनी सांगितले जाते की ही किंमत फक्त आजच्या दिवसापुरती आहे. जो दुकानदार सुताच्या एका गठ्ठ्यासाठी चार ठिकाणी भाव विचारतो, तोच येथे चार लाखांच्या कागदावर तासाभरात सही करून मोकळा होतो. म्हणून या व्यवहाराची सविस्तर माहिती आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते.

हा व्यवहार आहे तरी काय?

टाइमशेअरची कल्पना युरोपातली. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये ती सुरू झाली. एका माणसाला डोंगरावर बंगला घेणे परवडत नाही, आणि घेतला तरी तो वर्षातले अकरा महिने बंद राहतो. मग पन्नास जणांनी मिळून तो घ्यावा आणि प्रत्येकाने वर्षातला एकेक आठवडा वापरावा, इतका साधा हा विचार होता. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही कंपनी निघाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेण्याची अदलाबदल सुरू झाली.

भारतात १९८० च्या दशकात ही पद्धत आली. चेन्नईची स्टर्लिंग कंपनी १९८६ मध्ये स्थापन झाली, तर महिंद्र उद्योगसमूहाची हॉलिडे कंपनी १९९६ मध्ये. आज साधारणपणे जो करार विकला जातो त्यात पंचवीस वर्षे, दरवर्षी सात दिवस, असा हिशेब असतो. वर्षाचे हंगामानुसार भाग पाडलेले असतात. गर्दीच्या हंगामाचे सदस्यत्व महाग, रिकाम्या हंगामाचे स्वस्त. खोलीचेही लहान-मोठे प्रकार असतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अशा करारात आपल्या नावावर जमीन, इमारत किंवा खोली होत नाही. सात-बारावर नाव लागत नाही. आपल्याला मिळतो तो फक्त राहण्याचा हक्क, तोही जागा शिल्लक असेल तर आणि आधी बुकिंग केले तर. म्हणजे ही मालमत्ता नव्हे आणि गुंतवणूकही नव्हे. पंचवीस वर्षांचे भाडे आगाऊ भरणे, असेच याचे खरे नाव आहे. हे एकदा ध्यानात आले की पुढचे तीन हिशेब मांडणे सोपे जाते.

पहिला हिशेब : दिवसांचा

नोकरदाराला आपली रजा केव्हा मिळणार हे ठाऊक असते. व्यापाऱ्याचे तसे नाही. अमरावतीच्या इतवारा बाजारातील किंवा अकोल्याच्या ताजनापेठेतील दुकानदाराचे वर्ष पाहा. दिवाळीच्या सुट्टीत मुले मोकळी असतात, पण तेव्हाच गिऱ्हाईक दारात उभे असते. पाठोपाठ कापसाचा पैसा खेळू लागतो. एप्रिल-मे मध्ये लग्नसराई असते. शिंपी, फर्निचरवाले, भांडीवाले, बँडवाले कोणालाच मान वर करायला फुरसत नसते. म्हणजे कंपनीच्या कोष्टकात जो सर्वांत महाग हंगाम, नेमका तोच आपल्या धंद्याचा हंगाम.

आपल्या लोकांना खरी फुरसत मिळते ती ईदनंतर. ईद तर दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते. २०२४ मध्ये ईदुल फित्र ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ती ३१ मार्चला आली. पंचवीस वर्षांत ती जवळजवळ नऊ महिने सरकते. आज उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी ईद काही वर्षांनी थंडीत आणि त्यानंतर पावसाळ्यात येईल. अशा स्थितीत एकाच हंगामाला पंचवीस वर्षे बांधून घेणारा करार आपल्या किती उपयोगाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी फुरसत पावसाळ्यात असते. पण पावसाळा हा बहुतेक ठिकाणी रिकामा हंगाम. त्या दिवसांत हॉटेलवाले कोणालाही कमी भावात खोली देतात, त्यासाठी सदस्य होण्याची गरज पडत नाही. चिखलदरा तर आपल्या उंबऱ्यावर आहे. परतवाड्याहून घाट चढला की सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे गाव पावसाळ्यातच खरे खुलते. गाविलगडचा किल्ला, कॉफीचे मळे, मेळघाटचे जंगल सगळे तेथेच आहे आणि पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही आहे.

दिवसांबरोबर माणसेही मोजावीत. अशा सदस्यत्वाच्या लहान खोलीत साधारणपणे दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले यांची सोय असते. आपल्या घरात आई-वडील, भाऊ-भावजय धरून नऊ-दहा माणसे असतात. त्यांच्यासाठी दुसरी खोली घ्यावी लागली तर तिचे भाडे वेगळे. जेवणही बहुतेक ठिकाणी वेगळे, आणि ते हलाल मिळेल की नाही हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे विचारावे लागते.

दुसरा हिशेब : पैशाचा

आकडे प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. पण हिशेबाची रीत कळावी म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, सदस्यत्वाची किंमत ४ लाख रुपये आहे आणि दरवर्षी देखभालीचे शुल्क २० हजार रुपये आहे. विक्रेता सांगतो की, पंचवीस वर्षांत १७५ रात्री मिळतात, म्हणजे एक रात्र २,३०० रुपयांच्या आत पडली. हा हिशेब अर्धाच आहे.

वार्षिक शुल्क हे आपण गेलो तरी द्यावे लागते आणि न गेलो तरी. वीस हजार भागिले सात म्हणजे रात्रीला आणखी सुमारे २,८५७ रुपये. शिवाय हे शुल्क महागाईबरोबर वाढते. ते दरसाल ६ टक्क्यांनी वाढले असे धरले, तर बारा वर्षांत दुप्पट होते आणि पंचवीस वर्षांत एकूण ११ लाखांच्या आसपास भरावे लागते. म्हणजे चार लाखांच्या सौद्याच्या पोटात अकरा लाखांचा दुसरा सौदा असतो. विक्रीच्या दिवशी त्यावर बोलणे फारसे होत नाही.

आता व्यापाऱ्याचा खास हिशेब. ४ लाख रुपये दुकानातून काढले तर ते माल फिरवण्याच्या कामातून गेले. या रकमेवर वर्षाला १० टक्के नफा सुटतो असे धरले, तर ४० हजारांचे नुकसान. त्यात २० हजार शुल्क मिळवले की वर्षाला ६० हजार, म्हणजे सात रात्रींसाठी रात्रीला सुमारे ८,५७० रुपये. एक वर्षाआड गेलो तर तोच भाव १७ हजारांवर जातो. कारागिरासाठी ही रक्कम म्हणजे एखादे नवे यंत्र किंवा दोन हंगामांचा कच्चा माल.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की हॉटेलचे भाडेही दरवर्षी वाढते. जे कुटुंब न चुकता दरवर्षी, तेही गर्दीच्या हंगामात, सहा-सात दिवस बाहेर राहते, बुकिंग चार-सहा महिने आधी करू शकते आणि ज्याची रक्कम धंद्यातली नसून शिल्लक बचतीतली आहे, त्याला हा व्यवहार परवडू शकतो. आमच्या वाचकांपैकी असे किती, हे वाचकांनीच सांगावे.

हप्त्यांचा प्रश्नही आहे. रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज दोन्ही कागदावर मागा. दोन्हींत फरक असेल तर तो कशाचा, हे विचारा. हप्ता एखाद्या फायनान्स कंपनीमार्फत असेल तर तो कर्जाचा करार ठरतो, आणि ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी तो वाचल्याशिवाय हात लावू नये. शिवाय सदस्यत्व नकोसे झाले तरी कर्ज आपोआप संपत नाही. पुढच्या तारखांचे चेक दिले असतील आणि ते परत गेले, तर कलम १३८ चा खटला उभा राहू शकतो. बाजारात ज्याचे नाव चेकवर चालते त्याने हे विसरू नये.

तिसरा हिशेब : कागदाचा

विक्रेता तोंडाने जे बोलतो ते करारात नसते, आणि करारात नसलेले सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून सही करण्यापूर्वी करार घरी आणून वाचावा. "आज घेतले नाही तर ही किंमत मिळणार नाही," असे सांगितले तर तो सौदा सोडून द्यावा.

करारात पुढील गोष्टी शोधा : वार्षिक शुल्क किती आणि ते किती वाढू शकते, न वापरलेले दिवस किती वर्षे पुढे नेता येतात, हव्या तारखेला जागा न मिळाल्यास काय, सदस्यत्व दुसऱ्याला विकता येते का आणि त्याची फी किती, सदस्याचे निधन झाल्यास वारसांवर शुल्काचा बोजा येतो का, आणि करार रद्द केल्यास किती रक्कम कापली जाते.

युरोपात २००८ च्या नियमांनुसार ग्राहकाला चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेता येत नाही. आपल्या देशात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या स्वतःहून थोड्या दिवसांची माघारीची मुदत देतात. ती करारात आहे का, आणि मुदत सहीपासून मोजायची की पहिल्या भरण्यापासून, हे पाहा. माघार घ्यायची असल्यास फोनवर न थांबता लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

सुट्टीच्या नावाखाली ठेव

आणखी एक धोका याहून मोठा आहे. काही योजनांमध्ये सुट्टी हे केवळ नाव असते. खोलीच्या रात्री विकल्या जातात आणि सांगितले जाते की, तुम्ही राहायला गेला नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत मिळेल. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्स कंपनीचे प्रकरण महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांना ठाऊक आहे. ही योजना म्हणजे परवानगीशिवाय चालवलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे ठरवून सेबीने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी पैसे परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार होते ५१ लाखांहून अधिक आणि रक्कम होती ७,०३५ कोटी रुपये. कंपनीचे अपील २०१७ मध्ये फेटाळले गेले. त्यानंतर मालमत्तांचे लिलाव, पुढे दिवाळखोरीची प्रक्रिया, असे वर्षांमागून वर्ष गेले. त्याआधी २०१५ मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीवरही सेबीने असाच आदेश काढला होता.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सुट्टी विकणारा खोली देतो. 'न वापरल्यास इतकी रक्कम वाढवून देऊ' म्हणणारा ठेव गोळा करतो, आणि ठरलेल्या दराने वाढणारी ठेव म्हणजे काय हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अशा वेळी सेबीची नोंदणी विचारावी. एजंट आपल्याच मोहल्ल्यातला, ओळखीचा, नमाजी माणूस असला तरी विचारावी. तो स्वतःही फसलेला असू शकतो.

सही आधीच केली असेल तर

ज्यांचा करार झालेला आहे त्यांनी घाबरून पैसे भरणे एकदम बंद करू नये. आधी करार वाचावा, कंपनीला लेखी कळवावे आणि सर्व पावत्या एकत्र कराव्यात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो वा चेन्नईची, अमरावतीच्या ग्राहकाने अमरावतीच्या आणि अकोल्याच्या ग्राहकाने अकोल्याच्या जिल्हा आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फी नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज झाला पाहिजे. १९१५ या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. सदस्यत्व दुकानाच्या फर्मच्या नावावर असेल तर 'हा व्यापारी व्यवहार आहे' असा वाद कंपनी काढू शकते, म्हणून असे व्यवहार फर्मच्या नावाने करूच नयेत.

आमचा सल्ला

घरच्यांना वर्षातून एकदा बाहेर नेणे ही चैन नव्हे. वर्षभर गल्ल्यामागे बसणाऱ्या माणसाला आणि त्याच्यापेक्षाही जास्त राबणाऱ्या घरातल्या बाईला विसावा हवाच. पण त्यासाठी पंचवीस वर्षांचा करार लागत नाही. दररोज गल्ल्यातून शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकले तर वर्षाला ३६,५०० रुपये जमतात. त्यात घरच्यांसह चार-पाच दिवस चिखलदऱ्याला नीट राहता येते. ज्या वर्षी धंदा मंद असेल किंवा घरात लग्न असेल, त्या वर्षी तेच पैसे त्या कामी येतात. जायचे कोठे, किती जणांनी आणि केव्हा, हे दरवर्षी आपल्याच हाती राहते. व्यापाऱ्याचे दिवस त्याच्या धंद्याबरोबर बदलतात, म्हणून त्याने सुट्टीही वर्षावर्षाने, रोखीने घ्यावी हेच बरे.

तरीही कोणाला सदस्यत्व घ्यायचेच असेल तर हे तीन हिशेब कागदावर मांडावेत, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि पत्नीला दाखवावेत आणि पंधरा दिवस थांबावे. चांगला सौदा पंधरा दिवसांनीही चांगलाच राहतो.