प्रल्हाद शिंदे कोणाचे?

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही गावी वर्षातून निदान तीनदा एकच आवाज कर्ण्यातून ऐकू येतो. १४ एप्रिलला तो निळ्या पताकांखाली असतो. शेगावची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोडच्या वाटेने पंढरीस निघाली की रस्त्याकडेच्या हॉटेलांत असतो. आणि भाद्रपदात गणपतीच्या मांडवात. प्रल्हाद शिंदे २००४ साली निवर्तले. त्यांचे सर्वोत्तम गाणे कोणते, हा चाहत्यांतील वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

वरवर पाहता हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न. कोणी 'पाऊले चालती पंढरीची वाट'चे नाव घेतो, कोणी 'तूच सुखकर्ता' पुढे करतो, तर कोणी एखाद्या भीमगीतासाठी हट्ट धरून बसतो. परंतु वादाचे मूळ गाण्यांत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती निष्ठेने पाळणाऱ्या घरातील तरुण विचारतो, की ज्या गळ्याने बाबासाहेबांचे गुणगान केले त्याच गळ्याने गणपतीपुढे का गावे? प्रश्न गैरलागू नाही. 'पोटासाठी गायले' असे म्हणून तो निकालात काढणे, म्हणजे कलावंतावर दया दाखवणे होय. त्याला समजून घेणे नव्हे.

मात्र हा जाब नेहमी एकाच बाजूला विचारला जातो. 'तूच सुखकर्ता' लिहिणारे हरेंद्र जाधव हे आंबेडकरी विचारांचे कवी आणि पेशाने शिक्षक होते, हे मांडवात त्या गाण्यावर टाळ धरणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते? देवासाठी गाणे चालते, गळा चालतो. गायकाच्या वस्तीकडे जाणारा रस्ता तेवढा लांब वाटतो. याचे उत्तर मांडवाने द्यावयाचे आहे, आणि त्याला कोणी ते विचारलेलेच नाही.

आवाजाविषयी बोलायचे तर कर्णा हा मोठा कठोर परीक्षक. खर्जातील स्वर तो गिळून टाकतो आणि वरच्या पट्टीतील धारदार स्वरच दूरवर नेतो. रेडिओवरील भावगीताचा मृदू गळा त्यात फाटतो. कव्वालीत तावूनसुलाखून निघालेला शिंद्यांचा गळा शिवारापलीकडे स्वच्छ पोहोचतो. शहरी समीक्षकांनी त्यांची दखल फारशी घेतली नाही, यात नवल ते काय? त्यांची मैफल दिवाणखान्यात, यांची उघड्या मैदानात.

आणखी एक गोष्ट वादात सहसा येत नाही. चाहत्यांच्या याद्या तयार होतात त्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटींवरून. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. याउलट कव्वालीचा सामना रात्रभर चाले. दोन पार्ट्या समोरासमोर, एकाचा सवाल, दुसऱ्याचा जवाब, प्रतिस्पर्ध्याला गाठण्यासाठी जागच्या जागी जुळवलेली ओळ आणि तिला श्रोत्यांतून मिळणारी दाद. ते गाणे कोणत्याही कंपनीने मुद्रित केले नाही. तरुण मोबाईलवर जे ऐकतो त्यात ते नाही. ज्यांनी ते ऐकले ते आता सत्तरीपलीकडे आहेत, आणि त्यांना पुष्कळदा चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.