यंत्राची मदत घ्या, पण कापड उलटून पाहा!

लखनौच्या चौक भागात गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत फिरताना चिकनकारीची दुकाने जागोजागी दिसतात. इथे चोखंदळ गृहिणी कुर्ता हाती आला की आधी तो उलटून पाहते. कारण खरी ओळख मागच्या बाजूला असते. बखियाचा टाका कापडाच्या उलट बाजूने घालतात, वर नुसती त्याची सावली उमटते. हाताचे टाके थोडे मागेपुढे होतात, मशीनचे मात्र अगदी एकसारखे पडतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीतही हीच सवय उपयोगी पडेल.

मदत कुठे होते?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून अर्ज, पत्रे, जाहिराती, भाषांतर अशी कामे मोबाईलवर चुटकीसरशी होऊ लागली. पुण्याच्या गिऱ्हाइकाने मराठीत पाठवलेली मागणी चौकातल्या दुकानदाराला हिंदीत वाचता येते. हिशेबाचा तक्ता मांडणे, उधारी मागणारे पत्र सौम्य शब्दांत लिहिणे, अशा कामांत वेळ वाचतो. त्यात वावगे काहीच नाही.

धोका कुठे आहे?

हे यंत्र प्रचंड मजकुरावरून शिकलेले असते आणि त्या आधारे शब्दापुढे शोभेल असा शब्द ठेवत जाते. समोरचा कुर्ता त्याने हातात घेतलेला नसतो. जाहिरात लिहायला सांगितली, तर ‘शंभर टक्के हातकाम’ असेही ते बिनदिक्कत लिहून जाईल. माल मशीनचा असेल, तर गिऱ्हाईक फसेल आणि त्याहून मोठे नुकसान कारागीर स्त्रीचे होईल. लखनौत आणि आसपासच्या खेड्यांत घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या बायका हे काम करतात. एकही धागा न कापता, सुईने धागे बाजूला सारून त्या जाळी पाडतात. या कलेला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव खोट्या वर्णनाने झिजले, तर त्यांच्या कष्टाला भाव कोण देणार?

‘यंत्राने सांगितले’ ही सबब चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल न्यायालयात सादर केले. जून २०२३ मध्ये त्यांना आणि त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. अशा यंत्राच्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नका, ती पडताळून घ्या, असे न्यायालयाने बजावले.

प्रकृतीचा प्रश्न असेल तर

चौकातच किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे. अशा ठिकाणी डॉक्टरांना भेटण्याचा वेळ थोडा आणि मनातल्या शंका फार. तपासणीच्या कागदावरील अवघड शब्दाचा अर्थ समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला यंत्र जरूर वापरावे. पण औषध कोणते घ्यावे, किती घ्यावे, कधी बंद करावे हे डॉक्टरांनीच सांगायचे. चुकीच्या कुर्त्याचे पैसे जातात, चुकीच्या गोळीने जीव जाऊ शकतो.

एवढे पथ्य पाळा

* नाव, तारीख, रक्कम, कायद्याचे कलम मूळ कागदाशी ताडून पाहा.
* आधार कार्ड, बँकेचा तपशील, गिऱ्हाइकांची यादी यंत्राला देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरण्यास मनाई केली, ती गोपनीयतेसाठीच.
* ज्या विषयातले आपल्याला थोडेही कळत नाही, तिथे जाणकाराला विचारल्याशिवाय उत्तर वापरू नका.
* मुलांना आधी स्वतः निबंध लिहू द्या, मग यंत्राकडून चुका काढून घ्या.

कच्चा मसुदा यंत्राने खुशाल लिहावा. त्याखाली सही मात्र आपली असते, आणि जाब विचारला जातो तो सही करणाऱ्यालाच.