कामगाराची पाठ आणि चित्रफीत

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेथे घडणारा रूळ किती भार सोसेल हे आपण कसोशीने मोजतो; तो घडविणाऱ्याची पाठ किती सोसते, हे मात्र क्वचितच.

त्याचेही साधन आता उपलब्ध आहे. काम करणाऱ्या माणसाचे बाजूने चित्रण केले, की संगणक खांदा, कोपर, कंबर, गुडघा हे सांधे ओळखून त्यांचे क्षणाक्षणाचे कोन मांडतो. १९९३ साली नॉटिंगहॅमच्या दोन अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या ‘रूला’ पद्धतीत शरीराच्या ठेवणीस १ ते ७ गुण देतात. ७ म्हणजे कामाची रीत तत्काळ बदलावी. उपाय पुष्कळदा साधाच असतो : ओझे जमिनीऐवजी कमरेच्या उंचीवर ठेवावे.

अमेरिकेत गिलब्रेथ दांपत्याने १९१२ च्या सुमारास श्रमाचे असेच चित्रण केले. अनावश्यक हालचाली गाळून काम लवकर उरकावे, हा त्यांचा एक हेतू होता. म्हणूनच कॅमेरा दिसताच कामगारास शंका येते, की हा आपला वेग तर मोजत नाही? तेव्हा चित्रण त्याच्या संमतीने व्हावे, आणि निष्कर्ष प्रथम त्यालाच दाखवावा. पाठ त्याची आहे.